जिद्दीचे कौतुक आणि शाळेचा खर्च

दलित आत्मकथनांवर आजवर जी समीक्षा झाली, तिच्यात शाळा दोनच रूपांत येते: अपमानाची जागा म्हणून, नाहीतर जिद्दीची कसोटी म्हणून. मीही माझ्या परीक्षणांतून हेच केले. गंगापूर रोडवरून रोज शिकवायला जाताना ती परीक्षणे आता मला अपुरी वाटतात.

‘बलुतं’ (1978) पुन्हा वाचावे. बोर्डिंगचे छप्पर नसते तर त्या मुलाचे शिक्षण कुठवर गेले असते? ‘उपरा’ (1980) मधले कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून पोटामागे गावोगाव फिरते आणि शाळा मागे राहते. या पुस्तकांत जिद्द आहेच. पण भाकरी, छप्पर, फी यांचा हिशेबही आहे. तो आम्ही समीक्षकांनी वाचला नाही. जे मधेच गळाले त्यांनी आत्मकथने लिहिली नाहीत. म्हणूनच टिकलेल्याच्या जिद्दीचे नुसते गोडवे गाणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे होय.

आपल्या पूर्वसूरींना हा हिशेब पक्का ठाऊक होता. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणावरील खर्च आणि शिक्षकांचे पगार वाढवण्याची मागणी केली. कष्टकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो, हे त्यांनी सरकारला सुनावले. शाहू महाराजांनी 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पोर उपाशी राहिले तर अक्षर टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. गंगापूर रोडवरचे उदाजी मराठा बोर्डिंग याच बहुजन चळवळीतून उभे राहिले.

आज काय आहे? कोठारी आयोगाने 1966 मध्ये सुचवलेला राष्ट्रीय उत्पन्नाचा 6 टक्के खर्च अजून गाठलेला नाही. 2000 मध्ये महाराष्ट्राने ‘शिक्षणसेवक’ निर्माण केला. प्राथमिक शाळेत महिना 3000 रुपये मानधन आणि तीन वर्षांची टांगती तलवार. 2023 मध्ये ते 16000 झाले. ज्या शिक्षकाला स्वतःचेच घर चालवता येत नाही, तो गळणाऱ्या पोराच्या घरी कोणत्या बळावर जाणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नवा नियम केला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचितांच्या 25 टक्के जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हे योग्यच झाले. पण जवळची सरकारी शाळा इतकी दुबळी का ठेवली, की तिथे धाडणे पालकाला शिक्षा वाटावे? 25 जणांना दार उघडले तरी उरलेल्यांची शाळा तीच आहे.

यापुढे आत्मकथनावर लिहिताना मी जिद्दीआधी विचारणार आहे: या मुलाचा खर्च कोणी उचलला, आणि त्याच्या शेजारच्या बाकावरच्याचा का उचलला नाही? मित्रांनो, आपल्या समीक्षेने हा प्रश्न सोडला, तर ज्यांच्या हाती तिजोरी आहे ते तो कधीच विचारणार नाहीत.