विद्यार्थ्याच्या पदरची शिदोरी

दिवाळीच्या मागेपुढे ५ नोव्हेंबर येतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची आठवण म्हणून हा दिवस मराठी रंगभूमी दिन मानतात. शाळेत आपण हे साल मुलांकडून पाठ करून घेतो, त्याच्या शेपटाला १८८० चे ‘शाकुंतल’ बांधतो, आणि नाट्येतिहास शिकविला असे समजतो. या शिकविण्याविषयी माझी तक्रार आहे. ज्याला शिकवावयाचे त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, याची त्यात साधी विचारपूसही नसते.

आमचे सुलतानपूर लोणारजवळचे. येथल्या मुलाने संगीत नाटक बहुधा पाहिलेले नसते; पण भारूड, गोंधळ आणि कीर्तन यांना तो आईच्या मांडीवर बसून आलेला असतो. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पद्ये गाई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत, असे मी एकदा वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, मंग हे आपल्या भारुडावानीच झालं की!” भारूड म्हणजे नाटक नव्हे, असे म्हणून त्याला गप्प बसविणे सोपे होते. परंतु त्या पोराने नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते.

भाषणे लिहिलेली नसताना भाव्यांचा खेळ उभा राहिला तो कशाच्या बळावर? सीतेची कथा नटालाही पाठ होती आणि प्रेक्षकालाही. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पद्ये पात्रांच्याच तोंडी घातली; ही मोठीच क्रांती. पण त्या पद्यांत साक्या होत्या, दिंड्या होत्या. कीर्तनातून लोकांच्या कानांत त्या आधीच मुरलेल्या होत्या. नवे नाटक ओळखीच्या सुरातून आले म्हणून ते परके वाटले नाही. नाट्येतिहासात आपण नाटककार मोजतो, मंडळ्या मोजतो. प्रेक्षक येताना पदरी काय बांधून आला होता, तेवढे मात्र मोजीत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ओळखीच्याच गोष्टींना धरून बसले, तर रंगभूमी पुढे जावी कशी? त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. खामगाव व जळगाव जामोद येथे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनया’त पुराणातली कथा घेतली नाही, ती स्वतः रचली. चालीही कीर्तनाच्या सोडून पारशी रंगभूमीच्या वळणाच्या घेतल्या. त्यांची गुंतागुंतीची कथानके आणि जागोजागच्या कोट्या आज वाचताना दम लागतो, हे मला मान्य आहे. तरीही राम गणेश गडकऱ्यांसारख्याने त्यांना गुरू मानले. तेच गडकरी किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर होते. नाटक त्यांनी नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडी राहून जाणले.

तेव्हा विद्यार्थ्याची शिदोरी ही वाटेवर खाण्यासाठी असते, मुक्काम करण्यासाठी नव्हे. भारुडापासून निघून कोल्हटकरांपर्यंत त्याला नेणे, आणि दोहोंतला फरकही दाखविणे, हे मास्तराचे काम. भारुडाला नाटक म्हणून टाळ्या मिळविणे ही लबाडी होय. पण भारूड पाहिलेल्या मुलाला ‘तुला नाटकातले काही कळत नाही’ असे सांगणे हा अन्याय होय. पहिलीने इतिहास खोटा होतो, दुसऱ्याने तो मुलाचा राहत नाही. आणि जो इतिहास आपला नाही, तो परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कोण लक्षात ठेवतो?

वाचकहो, फराळाला जमलेल्या मंडळींत एखादे आजोबा असतील, जत्रेतल्या तंबूत रात्र जागविलेली एखादी आजी असेल. नातवंडाला १८४३ पाठ करावयास लावण्यापूर्वी त्यांना बोलते करा. सालाला जागा मग आपोआप सापडेल.