जड क्लच आणि जाणता हात

जुन्या बुलेटचा क्लच जड लागतो म्हटलं, की उतावळा कारागीर चेनकेस उघडून स्प्रिंगा ढिल्या करतो. लिव्हर लगेच हलकी होते, आणि पुढच्याच चढाला क्लच स्लिप होऊ लागतो. जाणता मिस्त्री स्प्रिंगांना शेवटपर्यंत हात लावत नाही. हाताचा जोर वाटेत कुठेतरी मुरतोय, हे तो ओळखतो आणि ती वाट तपासायला घेतो.

वाटही काय सुरेख आखलेली! १९५०च्या दशकात मद्रासला बनू लागलेल्या या गाडीत लिव्हर डाव्या हाताशी आणि क्लचच्या प्लेटाही डाव्याच अंगाला. तरी वायर टाकीखालून उजवीकडे गिअरबॉक्सवर उतरते. तिथला आर्म पुशरॉडला ढकलतो, आणि पोकळ शाफ्टमधून आरपार गेलेला तो रॉड डावीकडची प्रेशर प्लेट उचलतो.

मिस्त्री वायर दोन्हीकडून सोडवतो. नुसती लिव्हर, नुसती वायर, नुसता आर्म असं एकेक सुटं हलवून बघतो. दोष बहुधा वायरीतच सापडतो. तिथलं घर्षण वळणाच्या एकूण अंशांवर ठरतं आणि गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.१५ धरला, तर एकूण १८० अंश वळलेल्या वायरीला सुमारे १.६ पट जोर लागतो. ९० अंशांवर आणली की सव्वापट. मिस्त्री हे गणित मांडत नाही. तो हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो, वायर कुठे मुरडते ते बोटाने चाचपतो आणि एखादी क्लिप काढून तिला मोकळं वळण देतो. तिला फ्रेमला आवळून बांधत नाही, हेही बघण्यासारखं.

मग निपल, म्हणजे वायरीच्या टोकाचा मणी. लिव्हर दाबताना तो आपल्या खाचेत फिरायला हवा. अडकला तर प्रत्येक दाबाला वायर तिथेच वाकते आणि एकेक तार तुटत जाते. नवा निपल बसवताना मिस्त्री वायरीचं टोक कळी उमलावी तसं फुलवतो, मगच डाग देतो. ताण त्या फुललेल्या तारांवर येतो, नुसत्या डागावर नाही. दोन मिनिटांचं काम, पण त्यात सगळी समज आहे.

सर्वांत दुर्लक्षित जागा आर्मची, आणि मला सर्वांत आवडणारीही तीच. बरेच जण फक्त वायर ताणतात. त्याने आर्म कललेला राहतो आणि तरफेचा फायदा वाया जातो. हा मिस्त्री वायर ढिली करून आधी पुशरॉडचा स्क्रू लावतो. प्लेट उचलली जाते नेमक्या त्या क्षणी आर्म वायरीशी काटकोनात आला, की जोर पुरेपूर कामी येतो.

लिव्हर बदलण्याचा विचार त्यानंतर. ब्रिटिश धाटणीच्या लिव्हरींत खिळ्यापासून निपलपर्यंतचं अंतर कुठे १ १/१६ इंच, कुठे ७/८ इंच असतं. लहान मापाने हाताला जवळपास १८ टक्के जोर कमी लागतो, पण वायरही तेवढीच कमी ओढली जाते. प्लेटा सरळ नसतील, तर क्लच पुरता सुटत नाही. म्हणून तो आधी प्लेटा पाहतो.

शेवटी लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक. प्लेटा झिजल्या की ही मोकळीक वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात प्रेशर प्लेट आत सरकते, रॉड आर्मकडे येतो आणि मोकळीक घटते. पुढच्या झिजेची जागा मिस्त्रीने आजच सोडलेली असते.