दर्शनी ओटा आणि मागचा ओटा

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली आणि तेरेखोल खाडीच्या दोन्ही काठांवर जमिनींची चर्चा वाढली. आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. त्यामुळे पलीकडच्या बंगल्यांतली फॅशन अलीकडे यायला वेळ लागत नाही. अशा घरांच्या जाहिरातींत पूर्वी खाडीचा देखावा पुढे असायचा, आता त्याच्या बरोबरीने स्वयंपाकघर असतं.

हे स्वयंपाकघर एव्हाना तोंडपाठ झालं आहे. मधोमध आयलंड म्हणजे सुटा ओटा, भोवती उंच स्टुलं, मुठी नसलेली कपाटं, फळीआड दडवलेला फ्रिज, छतात गडप झालेली चिमणी आणि सगळ्यावर फिकट, मातकट रंग. दिवाणखान्याची भिंत पाडून केलेली ही मांडणी दिसते छान. आजच्या बांधीव स्वयंपाकघराचं मूळ बहुधा १९२६ च्या 'फ्रँकफर्ट किचन'मध्ये शोधलं जातं. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार वसाहतींसाठी ते आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरची खोली, पण बाईची पावलं मोजून बेतलेली. आपल्या श्रीमंती स्वयंपाकघराने तिथली कपाटं उचलली आणि पावलांचा हिशोब सोडून दिला. फ्रिजमधून मासे काढून सिंककडे जाताना आयलंडला वळसा घालावा लागत असेल, तर त्या ऐसपैसपणाचा उपयोग काय?

सामानाच्या बाबतीत तर कोकण विचारातच घेतलं जात नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा खारी, आणि सुट्टीपुरती वापरली जाणारी ही घरं ऐन पावसाळ्यात कुलूपबंद. एमडीएफची कपाटं कडांनी फुगतात, खणांना बुरशी धरते, बिजागऱ्या गंजतात. पाण्यात टिकणारं मरीन प्लाय, ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील, कपाटांच्या पाठीमागे हवा खेळायला मोकळी फट, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत म्हणून त्यांवर खर्च करताना हात आखडतो. वरचा दगड मात्र क्वार्ट्झचाच हवा! तो दगडाचा चुरा राळेत घट्ट करून बनवलेला. चुलीवरून उतरवलेली बिडाची कढई थेट टेकवली तर राळ करपते. तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांची फुप्फुसं निकामी करते, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडचा काळा कडाप्पा आणि ग्रॅनाइट मात्र 'जुनाट' ठरले.

खरी गोम मागच्या खोलीत आहे. खोबरं-कांदा भाजून वाटप करायचं, बांगडे तळायचे, कुर्ल्या फोडायच्या, हे त्या फिकट आयलंडवर कोण करू देणार? म्हणून हल्ली नकाशात दुसरं स्वयंपाकघर येतं. त्याला सरळ 'डर्टी किचन' म्हणतात. दर्शनी खोलीला खाडीकडची काच, आणि या खोलीला बोळाएवढी रुंदी नि एक झरोका. उकाडा, धूर आणि भांडी तिथे. राबणारी बाई बहुतेक वेळा गावातलीच.

कोकणी घराला मागची बाजू नवी नाही. मागीलदारी मासे साफ व्हायचे, भांडी घासली जायची आणि ते पाणी माडाच्या आळ्यात जायचं. आतल्या चुलीच्या शेजारी वैल असायचा. चुलीच्याच आचेवर तिथे पेज गरम राही. त्या जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे मी गाणार नाही. त्या धुराने आज्या-पणज्यांचे डोळे आणि छाती खाल्ली, ओणव्याने पाठ मोडली. उभा ओटा आणि गॅस आला हे फार बरं झालं. पण मागीलदारी निदान उजेड होता, वारा होता. नव्या मांडणीत घाण काम मागेच राहिलं, फक्त त्याचा वारा काढून घेतला गेला.

या लाटेत चांगलं काही नाही असं नाही. वाकून शोधावं लागणाऱ्या फडताळांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खोल खण ही उत्तम सोय आहे. इंडक्शनमुळे खोली कमी तापते. ओट्याची उंची वापरणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवणारे थोडे डिझायनरही आहेत. त्यांचं काम मला कुठल्याही इटालियन संगमरवरापेक्षा मोलाचं वाटतं.

तेव्हा खाडीकाठी घर बांधत असाल तर वास्तुविशारदाकडे आधी मागच्या स्वयंपाकघराचा नकाशा मागा. त्याला समोरासमोर दोन खिडक्या आणि अंगणात उघडणारं दार नसेल, तर आयलंडच्या दगडाचा रंग निवडायला बसू नका.