इंग्रजी संभाषणाचे वर्गखेळ : एक चिकित्सा
(कुपवाड परिसरातील प्राथमिक शाळांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी त्याचा आरंभ पाचवीत होत असे. सहा वर्षांच्या मुलास व्याकरणाच्या वाटेने परकी भाषा शिकविता येत नाही. त्यामुळे गाणी, कृती आणि खेळ यांना वर्गात मानाचे स्थान मिळाले, हे स्वागतार्हच होय. तथापि 'संभाषणाचे खेळ' म्हणून जे खेळले जाते त्यात संभाषण कितपत घडते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

कुपवाडचा संदर्भ :
१९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका अस्तित्वात आली. कुपवाडची ओळख प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीची आहे. कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांच्या मुलांना घरी मराठी, कन्नड किंवा हिंदी ऐकू येते, इंग्रजी क्वचितच. खाजगी शिकवणी सर्वांनाच परवडते असे नाही. अशा मुलासाठी शाळेतील तासिका हीच इंग्रजी बोलण्याची एकमेव संधी ठरते. म्हणून तेथील खेळाचा दर्जा हा केवळ अध्यापनतंत्राचा नव्हे, तर समान संधीचा प्रश्न आहे.

प्रचलित खेळांची मर्यादा :
सर्वाधिक लोकप्रिय खेळ म्हणजे 'सायमन सेज', अर्थात आपला 'शिवाजी म्हणतो'. यात आज्ञा देणारा एकटाच बोलतो. उरलेली मुले हातपाय हलवितात. श्रवणासाठी हा खेळ उत्तम, परंतु त्यास संभाषण म्हणता येणार नाही. शब्दांच्या भेंड्यांत शब्दसंपत्ती व स्पेलिंग यांचा सराव होतो, वाक्य मात्र जन्मास येत नाही. समूहाने म्हणावयाच्या गाण्यांत लाजरे मूल इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळते. हा आधार आरंभी आवश्यकच आहे. पण त्याच आधारामागे त्याचे मौन वर्षानुवर्षे लपूनही राहते.

याहून गंभीर दोष 'बाद' होण्याच्या नियमात आहे. परिसरातील एका शाळेत प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या तासिकेत दुसऱ्याच फेरीत बाद झालेली एक मुलगी उरलेला सर्व वेळ भिंतीला टेकून बसली होती. जिला बोलण्याची सर्वाधिक गरज तिलाच खेळाने प्रथम गप्प केले. शर्यतीत हे न्याय्य असेल, शिक्षणात नाही.

पर्यायाची दिशा :
या संदर्भात एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाचे (१९७९-८४) स्मरण उपयुक्त ठरते. दक्षिण भारतातील सामान्य शाळांत राबविलेल्या या प्रकल्पात रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा साधनांवर आधारित कृती दिल्या जात. मुलांचे लक्ष भाषेवर नव्हे, तर कोडे सोडविण्यावर असे. भाषा त्या ओघात येई. मुलांच्या आपसांतील संभाषणातून चुका रुजतील, या शंकेने प्रभूंनी गटकार्यास महत्त्व दिले नाही. ही शंका अनाठायी नाही. परंतु साधा हिशेब पाहावा. चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका असता एकेकास उभे केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. जोड्या केल्या तर एकाच वेळी वीस मुले बोलतात. कुपवाडच्या मुलास चुकीच्या वाक्याहून मौनाचा धोका अधिक आहे. यास्तव कृतीचे स्वरूप प्रभूंचे आणि रचना जोडीची, असा मेळ घालणे इष्ट वाटते.

उदाहरणार्थ, मिरज स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांचे एक साधे वेळापत्रक तयार करून त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एकीत काही वेळा कोऱ्या, दुसरीत नेमक्या त्याच भरलेल्या. आपली प्रत जोडीदारास न दाखविता, प्रश्न विचारूनच रकाने भरावयाचे; मग दिलेल्या वेळेत पोहोचण्यासाठी कोणती गाडी घ्यावी, हे दोघांनी मिळून ठरवावयाचे. येथे विचारल्यावाचून चालत नाही, सांगितल्यावाचून भागत नाही आणि कोणी बाद होत नाही. लागणारी दोन-तीन प्रश्नवाक्ये शिक्षकाने आधी फळ्यावर द्यावीत. शेवटी सर्व वर्गासमोर उत्तरे पडताळताना चुकांची दुरुस्ती करावी. प्रभूंच्या शंकेचेही त्यातून काही अंशी निरसन होईल.

अशा तासिकेत गोंगाट होणार. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत तेथे मुख्याध्यापकांनी व तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी बाजूस ठेवावयास हवी. अन्यथा शिक्षक पुन्हा सुरक्षित अशा समूहघोषाकडे वळेल.

निष्कर्ष :
खेळात आनंद आहे की नाही, एवढ्यावर त्याचे मूल्यमापन पुरेसे नाही. प्रत्येक मूल बोलले काय, बोलण्याची खरी गरज निर्माण झाली काय आणि चुकणारे मूल अखेरपर्यंत खेळात राहिले काय, या तीन कसोट्या लावल्यास आजचे अनेक लोकप्रिय खेळ श्रवणाचे वा पाठांतराचे ठरतील. त्यांना वर्गाबाहेर काढण्याचे कारण नाही. मात्र त्यांनाच संभाषण मानून समाधान पावणे उचित नव्हे. अध्यापक-विद्यालयांतील व महाविद्यालयांतील भाषाशिक्षकांनी परिसरातील शाळांच्या सहकार्याने असे स्थानिक खेळ रचणे व वर्गात पारखणे, हे यापुढील कार्य होय.