ही तलवार नेमकी कोणत्या सालची?

'श्चेर्बियेत्स' ही पोलंडच्या राजांची राज्याभिषेकाची तलवार, 1320 पासून वापरात आलेली. मूळ तलवार क्राकोच्या वावेल किल्ल्यात आहे. तिची हाताने घडवलेली एक प्रतिकृती परवा जवळून पाहिली. मुठीच्या सोनेरी पत्र्यावरची काळी नक्षी रेषेवर रेष उतरलीय. कारागिराला सलाम!

पण संशोधक म्हणून विचारा: ही नक्कल कोणत्या सालची?

पातं आत्ता भट्टीतून आल्यासारखं लख्ख. मूठ मात्र आजच्या अवस्थेतली. मूळ मुठीच्या कडेला लॅटिन लेखाची पट्टी होती. ती 19व्या शतकात हरवली. प्रतिकृतीतही ती नाही. म्हणजे कोरं पातं आणि अपुरी मूठ! अशी तलवार कोणत्याच काळात नव्हती.

शेजारच्या माहितीत दंतकथाही आहे: बोलेस्लाव राजाने 1018 मध्ये ती कीव्हच्या सुवर्णद्वारावर आपटली, खाच पडली, तेच नाव झालं. जरा तारखा लावून बघा. राजा 1025 मध्ये वारला, द्वार त्यानंतर बांधलं गेलं आणि अभ्यासक तलवार 12व्या-13व्या शतकातली मानतात.

मग प्रतिकृती टाकाऊ का? मुळीच नाही. फक्त काय आजचं ठेवलं, काय अंदाजाने भरलं, हे लिहून ठेवायला हवं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यातही दोन काळांचे पुरावे असेच जोडलेले होते. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कोणतं साल?' ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.