आदर्श नगरी आणि चौरस्ता

नगररचनेच्या आराखड्यास वाङ्मय म्हणावें काय, असा प्रश्न एखादा रसिक वाचक विचारील. आमचें उत्तर असें कीं, अजून अस्तित्वांत नसलेल्या समाजाचें चित्र ज्या लेखनांत रेखाटलेलें असतें, तें कादंबरीच्याच कुळांतलें होय. सबब त्याची परीक्षाहि तशीच करावी. त्यांत माणसें कोण आहेत, त्यांस बोलावयास मिळालें आहे काय, आणि शेवट आरंभाशीं प्रामाणिक राहिला आहे काय, हें पाहावें. सर टॉमस मोर यानें १५१६ सालीं 'युटोपिया' लिहिली तेव्हांपासून हें कूळ वाढत आलें आहे. महाराष्ट्रांतील त्याची सर्वांत मोठी शाखा म्हणजे नवी मुंबई.

हे विचार आम्ही मांजरसुंब्यास बसून लिहीत आहों. येथें धुळें-सोलापूर हमरस्त्यास पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता छेदतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघालेलीं बिऱ्हाडें आणि बारमाही पुण्या-मुंबईची वाट धरणारे तरुण याच चौरस्त्यावरून जातात. शहरें ज्यांच्या श्रमावर उभीं राहतात, त्यांच्या बाजूनें आराखडा वाचण्यास ही जागा गैरसोयीची नाहीं.

'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकाच्या जून १९६५ च्या अंकांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं आपली कल्पना मांडली. मुंबई दक्षिणोत्तर अरुंद पट्टींत वाढते. सकाळीं सारा लोंढा दक्षिणेकडे जातो व सायंकाळीं परततो. ही ओढ मोडावयाची तर खाडीपलीकडे पूर्वेस नवें नगर वसवावें, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो इतका स्वच्छ होता कीं सरकारलाहि तो पटला. मार्च १९७० मध्यें सिडको स्थापन झाली. सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र व ९५ गांवें या आराखड्याखालीं आलीं, आणि वीस लाख लोकांच्या वसतीचें ध्येय ठरलें.

या स्वप्नाचा अर्थशास्त्रीय कणा जुना आहे. एबेनेझर हॉवर्ड यानें १८९८ सालच्या आपल्या पुस्तकांत उद्याननगरीची कल्पना मांडतांना असें प्रतिपादिलें होतें कीं, वस्ती वाढल्यानें जमिनीचें जें मोल वाढतें, तें समाजाचें आहे व समाजाच्याच कामीं लागावें. नवी मुंबईंतहि हेंच सूत्र होतें: शेतजमीन स्वस्तांत घ्यावी, ती शहरी भावानें विकावी, आणि त्या नफ्यांतून रस्ते, पाणी व घरें उभारावीं. तत्त्व उदात्त खरें. पण येथें 'समाज' या शब्दाचा अर्थ कोणीं ठरविला? उद्यां येणारा रहिवासी त्यांत होता. आज तेथें नांगर धरणारा आगरी शेतकरी मात्र जमीन देण्यापुरताच होता. कादंबरीकारानें ज्या पात्रास एकहि संवाद दिला नाहीं, तें पात्र शेवटीं स्वतःच बोलूं लागलें. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण परिसरांत झालेल्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच जणांचे प्राण घेतले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें धोरण आलें. जें पहिल्या प्रकरणांत यावयास हवें होतें, तें रक्त सांडल्यावर पुरवणी म्हणून जोडलें गेलें.

तथापि सारा दोष स्वप्नाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. राज्यकारभाराचें केंद्र खाडीपलीकडे न्यावें, हा मूळ कल्पनेचा प्राण होता. सरकारनें कल्पना स्वीकारली, पण मंत्रालय हलविलें नाहीं. उलट त्याच काळांत नरीमन पॉइंटवर समुद्र हटवून कचेऱ्यांचे मनोरे उठत राहिले. रेल्वे वाशीपर्यंत पोंचली ती १९९२ सालीं, म्हणजे संस्था स्थापन झाल्यावर बावीस वर्षांनीं. जें धोरण स्वप्नाचें नांव घेतें व त्याचा खर्च टाळतें, तें स्वप्नाचा द्वेष करणाऱ्यापेक्षां अधिक हानि करतें.

कोरिया यांचें १९८५ मधलें 'द न्यू लँडस्केप' हें पुस्तक या दृष्टीनें फार वाचनीय आहे. गरिबाच्या घरास भिंतीइतकीच मोकळ्या आकाशाची गरज असते, हें त्यांचें म्हणणें येथल्या कोणत्याहि अंगणांत पटण्यासारखें आहे. बेलापुरास त्यांनीं रचलेल्या वसाहतींत लहान घरें चौकाभोंवतीं मांडलीं, दोन घरांना सामाईक भिंत ठेविली नाहीं, कां तर कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें घर वाढवावें. पुढें अनेकांनीं तीं पाडून मोठीं बांधलीं. कित्येक टीकाकार यास पराभव म्हणतात. आम्हांस हें त्या कृतीचें यश वाटतें. रहिवाशानें आपलें पान आपण लिहावें, एवढी जागा लेखकानें कोरी सोडली होती.

आदर्श नगरीच्या वाङ्मयास आमचें एवढेंच मागणें आहे. स्वप्न पाहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. स्वप्न नसेल तर शहर जमिनीच्या सटोडियांच्या हातीं जातें. परंतु पुढचा आराखडा लिहिणारानें आधीं अशा एखाद्या चौरस्त्यावर एक सकाळ उभें राहावें. डोक्यावर गांठोडें घेऊन गाडीची वाट पाहणारी बाई आपल्या नगरींत रात्रीं कोठें निजेल, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या नकाशांत असेल, तरच त्या कृतीस आम्ही पूर्ण म्हणूं.