मेंदू तेवढा शिल्लक

मी समीक्षक नाही, बी. कॉम. आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. समीक्षक लोक पुस्तकात अनुभूती शोधतात, आम्ही नावे आणि जमा शोधतो. डावीकडे काय, उजवीकडे काय आणि खाली बेरीज जुळते की नाही, एवढंच बघायचं. बँकेच्या काउंटरमागं वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात उद्या कुणी महाकाव्य दिलं, तरी तो आधी पानं मोजणार आणि शेवटच्या पानावर सही आहे का बघणार. तेव्हा खालील परीक्षण वाचकांनी त्याच बेतानं घ्यावं.

परीक्षणाचा योग आला तो आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या पेटीमुळं. माझी बदली गोसीखुर्द धरणाजवळच्या एका शाखेत झाली. (बँकेचं नाव सांगत नाही, सिस्टीममध्ये नोंद होते.) सामान लावताना सौभाग्यवतींनी ती पेटी पायानं बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "हे भंगार तुमचंच ना?" लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर या प्रश्नातला 'तुमचंच' हा शब्द फक्त पेटीपुरता नसतो, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको. पेटीत माझ्या शाळेतली कॉमिक्सं होती. चिरंजीवांनी एक उचललं, वास घेतला आणि जाहीर केलं, "बाबा, हे व्हिंटेज आहे." माझ्या पंधराव्या वर्षीची वस्तू व्हिंटेज! म्हणजे मी काय झालो, त्याचा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

कॉमिक्स होतं इन्स्पेक्टर स्टीलचं. आता जुन्या पिढीचे वाचक विचारतील, हा कोण बुवा? त्यांच्यासाठी थोडी वंशावळ. आमच्या आधीची पिढी 'चांदोबा'वर वाढली. नंतर १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स आलं, त्यातला वेताळ मराठीतून गरजायचा. पण १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं आणि वेताळ आपल्या गुहेत निघून गेला. आमच्या वाट्याला आली दिल्लीची राज कॉमिक्स, तीही हिंदीतून. भंडारा जिल्ह्यात हिंदी म्हणजे परकी नव्हे. बालाघाट शेजारी, नागपूर हाकेवर, आणि भांडणात मराठी कमी पडली की आम्ही हिंदीच काढतो. १९८६ मध्ये नागराज आला, १९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हा पोलादी इन्स्पेक्टर. बसस्टँडजवळच्या दुकानात एक दिवसाचं भाडं आठ आणे. उशीर झाला तर आणखी आठ आणे. माझ्या बँकिंग शिक्षणाची सुरुवात तिथंच झाली.

आता कथावस्तू. राजनगर नावाच्या शहरात अमर नावाचा एक प्रामाणिक पोलीस इन्स्पेक्टर असतो. प्रामाणिक असल्यामुळं त्याचं जे व्हायचं ते होतं. शरीर कामातून जातं. पण त्याचा एक जिवलग मित्र शास्त्रज्ञ असतो, नाव अनीस. तो अमरचा मेंदू काढून एका पोलादी यंत्रमानवात बसवतो. झाला इन्स्पेक्टर स्टील. हातात तोफेएवढी बंदूक, अंगावर लोखंड, आणि डोक्यात कायदा.

प्रथम नावेची बाजू. हे सगळं उसनवारीचं आहे, यात वाद नाही. १९८७ मध्ये हॉलिवूडचा 'रोबोकॉप' आला. त्यात डेट्रॉइट शहरातला मर्फी नावाचा पोलीस मरतो आणि त्याचं यंत्र होतं. आमचा अमर त्याचा चुलतभाऊ शोभतो. चुलत तरी कशाला, सख्खाच. पण बँकवाल्याला उसनवारीचं वावडं असून कसं चालेल? ती नसती तर आमचे पगार झाले नसते. प्रश्न एवढाच, की उसनं आणलेलं भांडं परत देताना तुम्ही त्यात काही घालून देता की नाही. गृहिणींना हा नियम ठाऊक आहे, भांडं रिकामं परत करू नये.

आणि इथं जमेची बाजू सुरू होते. मर्फीला यंत्र कोण बनवतं? एक कंपनी. तिला माल विकायचा असतो. मर्फी हा तिच्या मालमत्तेच्या यादीतला एक नग. अमरला यंत्र कोण बनवतो? मित्र. त्याला काही विकायचं नसतं, त्याला फक्त मित्र मरू द्यायचा नसतो. हा फरक मला पंधराव्या वर्षी कळला नव्हता. आता चाळिशी उलटल्यावर, दोन-तीन मित्रांना मोक्षधामापर्यंत पोचवून आल्यावर कळला. शिवाय मित्रांची नावं बघा, अमर आणि अनीस. देशात १९९२-९३ ची जखम अजून ओली होती त्या दिवसांत हे पुस्तक निघालं, आणि माझ्याजवळच्या अंकांत तरी या मैत्रीवर एकाही ओळीचं भाषण नाही. दोघं मित्र आहेत, बस. ते दाखवायला पुष्कळ विद्वानांना तीनशे पानं लागतात.

मग या कॉमिकचं चुकलं कुठं? माझ्या पेटीत निघालेल्या चार अंकांपुरतं बोलतो. या चारांत पोलाद फार आणि अमर थोडा. एकदा मेंदू बसवला, की त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. गोळ्या झाडायच्या, भिंती फोडायच्या, कायदा म्हणजे कायदा! अनीस बिचारा जीव ओतून मेंदू वाचवतो, आणि पुढं त्याचं काम उरतं ते गॅरेजमधल्या मिस्त्रीचं. 'रोबोकॉप'वाल्यांनी मात्र शेवट साधला आहे. कंपनीचा मोठा साहेब त्या यंत्राला नाव विचारतो, आणि यंत्र आपलं जुनं, माणसाचं नाव सांगतं. एवढ्याशा उत्तरात सगळा हिशेब चुकता होतो. आमचा स्टील चारही अंकांत ड्यूटीवरून घरी येतच नाही. 'रोबोट' हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला, ते चेक लेखक कारेल चापेक यांचं १९२० सालचं नाटक. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. यंत्रमानव म्हणजे लोखंडाचा माणूस हे आपण धरून बसलो. मूळ अर्थ निराळाच, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो.

इथपर्यंत लिहून मी झोपणार होतो. परीक्षण पुरं झालं होतं, बेरीज जुळत होती. पण त्या दिवशी शाखेत एक प्रकार घडला होता, तो झोपू देईना.

गोसीखुर्दचं धरण पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवतो. वैनगंगेवर आडवं पसरलेलं, तेहतीस दारांचं. कुणी गोसीखुर्द लिहितं, कुणी गोसेखुर्द. आमच्या काउंटरवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एवढा फरक निघाला, तर आम्ही खातं बंद करतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा. तो पुढं हजारो कोटींत गेला. वाणिज्य शाखेच्या माणसाला ही आकडेवारी देवळातल्या घंटेसारखी वाटते, हात लावल्याशिवाय राहवत नाही. पण या हिशेबात एक रकाना गावांचा आहे. जी गावं पाण्याखाली गेली, त्यांची माणसं आमच्या शाखेत रांगेला उभी असतात.

त्यांतली एक आजी. अंगठेवाली खातेदार. घरावर टिना टाकायला मोबदल्यातले उरलेसुरले पैसे काढायला आली होती. आमच्याकडं अंगठ्याचं यंत्र आहे. आजीनं अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला, जुळत नाही. जुळणार कसा? उभा जन्म चिखलात धानाचे परे लावून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या.

"आजी, सिस्टीम घेत नाही. पुढच्या आठवड्यात या," मी म्हणालो. तिची ही तिसरी खेप होती.

आजी रागावली नाही. तिनं यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "हे डब्बा तं नाही म्हनते जी. तुमी काय म्हनता?"

वाचकहो, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, ऑडिटवाल्यांनी तर नाहीच. मी म्हणालो, "नियम आहे, आजी." ती 'बरं बाप्पा' म्हणून पिशवी उचलून गेली. एसटीचं भाडं, जाऊन येऊन, तिसऱ्यांदा पाण्यात.

आणि रात्री मी दिव्याखाली बसून लिहीत होतो, की इन्स्पेक्टर स्टील नुसता कायदा बोलतो, त्याच्यातला अमर कुठं दिसत नाही! चिरंजीवांनी तेवढ्यात डोकावून विचारलं, "बाबा, त्याचा मेंदू काढूनच टाकला असता तर काय बिघडलं असतं?" पोरांना समीक्षा चांगली येते. मी कागद उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन नियमांची जुनी फाइल काढली. नियम मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, वाचले मात्र परीक्षेपुरते होते. आणि काय सांगू! रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत म्हाताऱ्या आणि आजारी खातेदारांसाठी वाट ठेवलेली. ज्याला सही जमत नाही त्याचा अंगठा कागदावर घ्यावा, आणि तो बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी ओळखावा, पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. एवढंच नव्हे, हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो! म्हणजे ज्या यंत्रणेला मी निव्वळ पोलाद समजत होतो, तिच्यात कुणा अनीसनं मेंदू बसवून ठेवला होता. वापरत नव्हतो तो मी.

अंगठ्याची शाई शोधायलाच अर्धा तास गेला. शिपायाकरवी निरोप धाडला. आजी आली. कागदावर अंगठा उमटवला, तो पुसटच उमटला, पण मॅनेजरसाहेबांनी आजीला ओळखलं आणि सही ठोकली. दुसरा साक्षीदार पोस्टातला. आजीनं पैसे दोनदा मोजले (हे मला आवडलं), कमरेच्या बटव्यात खोचले आणि जाताना म्हणाली, "काल काहून नाही केलं मंग?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र फाइलमध्ये सापडलं नाही.

तर परीक्षणाचा निकाल असा. चित्रं भडक, उसनवारी उघड, हाणामारी गरजेपेक्षा जास्त. पण ज्यानं कुणी त्या लोखंडी डोक्यात माणसाचा मेंदू शिल्लक ठेवायचं ठरवलं, त्याच्या जमेला मी पूर्ण गुण मांडतो. कथाकार पुढं तो मेंदू विसरले, यावर मी आदल्या रात्री अर्धं पान झाडलं होतं, ते खोडत नाही. फक्त त्या तक्रारीखाली आता माझीही सही धरावी.

पेटी रद्दीत गेलेली नाही. सौभाग्यवती रोज विचारतात. मी म्हणतो, सिस्टीम घेत नाही.